पिशवी पिळायची नाही

एलुनेदची अट ऐकून इदवालला आधी हसूच आलं.

"जेली?" शिडीच्या चौथ्या पायरीवरून खाली बघत तो म्हणाला. "आईनं कुठं राहायचं ते आता जेली ठरवणार होय?"

"हो, जेली. पहिल्यापासून शेवटपर्यंत तिची तिनं करायची. कुणी मध्ये तोंड घालायचं नाही, आठवण करून द्यायची नाही. जमली तर ती इथंच राहील. मी शाळेतून रजा काढते, नाताळपर्यंत येऊन राहते, पुढं एखादी बाई बघू. आणि नाही जमली तर..."

"तर सोमवार."

"तर सोमवार," एलुनेद म्हणाली. "मग मी एक शब्द बोलणार नाही."

सोमवार म्हणजे खाली गावातल्या वृद्धाश्रमातली ती खोली. इदवालनं उन्हाळ्यातच आईचं नाव घालून ठेवलं होतं. परवा तिथून फोन आला: खोली रिकामी झालीय, सोमवारपर्यंत धरून ठेवतो, त्यानंतर नाही. हे कळल्यावर एलुनेद काल लिव्हरपूलहून जी आली ती कंबर कसूनच आली. वर्षातून चार वेळा येणाऱ्या मुलींना आईचा कळवळा जरा जास्तच असतो, असं आमच्या खोऱ्यात म्हणतात. इदवालची बायको मेन्ना तर ते रोज म्हणते, पण मनातल्या मनात.

"मान्य," इदवाल म्हणाला. इतक्या लगेच म्हणाला, की एलुनेदनं संशयानं वर बघितलं. खरं सांगायचं तर त्यालाही हरायचंच होतं. फेब्रुवारीत एकदा भल्या सकाळी त्याला आई रस्त्यावर सापडली होती. अंगात झोपायचा झगा, पायात वडिलांचे बूट, हातात बादली. गाई धारेला आल्यात म्हणाली. गाई विकून अकरा वर्षं झाली होती, वडील एमरिस गेले त्याच वर्षी. त्या दिवसापासून तो रोज सकाळ-संध्याकाळ वर आईच्या घरी, हेन्द्रेला, येत होता, स्वतःच्या मेंढ्या टाकून. चुली बघायच्या, गोळ्या द्यायच्या, दारं बघायची. चोपन्न वर्षांच्या माणसाला थकायचा हक्क असतो, पण कुणी तसं म्हणत नव्हतं.

"तुम्हा भावंडांचं ठरलं असेल तर फांदी हलवा," मेन्ना म्हणाली. ती केव्हापासून चादरीची दोन टोकं धरून उभी होती. "माझे हात भरून आले."

इदवालनं फांदी हलवली. रानसफरचंदं चादरीवर गारांसारखी आदळली. घरामागचं हे झाड कुणी लावलेलं नाही, आपलं आपण आलेलं आहे. फळं सुपारीपेक्षा थोडी मोठी, एका गालावर लाल, आणि आंबट इतकी की मेंढीसुद्धा तोंड लावत नाही. नुसती खायची तर शिक्षा, पण जेली करावी तर त्यांचीच.

मागच्या दारातून आई, डिलिस, आली. सत्त्याहत्तर वर्षांची, बारकी, ताठ. कार्डिगनच्या गुंड्या एकेक घर चुकून लावलेल्या. तिनं चादरीपाशी वाकून मूठभर फळं उचलली आणि नाक मुरडलं.

"ही सगळी पिकलेलीच काढलीत का रे? अर्धी तरी कच्ची हवीत. नुसत्या पिकलेल्या फळाची जेली धरत नाही, किती वर्षं सांगतेय. इदवाल, वरच्या फांदीची काढ. एलुनेद, तू अशी काय बघतेस? टोपली आण."

एलुनेदनं भावाकडे बघितलं. तो शिडीवर आणखी एक पायरी चढला.

*

ब्लॉडवेन आत्या दहाच्या सुमारास काठी टेकत शेतापलीकडून आली. ती एमरिसची थोरली बहीण, एक्क्याऐंशी वर्षांची. हेन्द्रेला जेलीच्या दिवशी ती दरवर्षी येते, मदतीला म्हणून, आणि खरं म्हणजे चुका काढायला. गावच्या शेतकी प्रदर्शनात जेलीचं पहिलं बक्षीस तेवीस वर्षं डिलिसला मिळालं होतं आणि दुसरं तेवीस वर्षं आत्याला. परीक्षक बरणी उजेडाकडे धरतात. डिलिसच्या बरणीतून पलीकडच्या माणसाचा चेहरा दिसायचा.

"मी ऐकलंय म्हणे परीक्षा आहे आज," आत्या स्वयंपाकघरात बसता बसता एलुनेदच्या कानाशी पुटपुटली.

"कुणी सांगितलं?"

"अगं, इदवालनं पोस्टमनला सांगितलं. म्हणजे आता चॅपेलच्या पाद्र्यालासुद्धा ठाऊक असणार."

पण डिलिस परीक्षेला बसल्यासारखी मुळीच दिसत नव्हती. फळं धुतली, देठ काढले, एकेकाचे दोन तुकडे. साल नाही काढायची, बी नाही काढायची. "जेली सालीत नि बीतच असते," ती म्हणाली, कुणाला उद्देशून असं नाही. "फळ नुसतं नावाला." सुरी तिच्या हातात अशी चालत होती की एलुनेदला रडूच फुटायला आलं. काल याच बाईनं तिला दारात विचारलं होतं, तुम्ही कुणाकडे आलात म्हणून. आणि आज बोटं बघा! तांब्याच्या मोठ्या पातेल्यात फळं घातली, ती जेमतेम बुडतील एवढं पाणी. एलुनेद अजून थोडं ओतायला गेली तर हातावर चापट बसली.

"पोहायला नाही सोडायचं त्यांना."

आत्या फसकन हसली. इदवालही हसला. एलुनेद हात चोळत उभी राहिली आणि कित्येक महिन्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. बघितलंत, तिला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं. ही बाई माणसं विसरेल, पण हे नाही विसरायची.

इदवाल लाकडं आणायला बाहेर गेला. एलुनेद फडताळात बरण्या मोजायला. आत्याचा डोळा लागला होता. पातेल्यातून आंबूस वाफ येत होती आणि मेन्ना टेबलाशी उरलेली फळं कापत होती. डिलिसनं किटली उचलली, कप भरले. मेन्नानं सहज मोजले. माणसं पाच, कप सहा. सहाव्यात डिलिसनं तीन चमचे साखर घातली, ढवळली, आणि हळूच म्हणाली:

"मेन्ना, एमरिसला हाक मार गं. गोठ्यातच असेल. चहा गार होतोय त्याचा."

मेन्नाची सुरी थांबली. फडताळाचं दार उघडंच होतं, पण एलुनेद पाठमोरी होती. आता मोठ्यानं नुसतं "काय म्हणालात आई?" एवढं विचारलं असतं की संपलं. सोमवार नक्की झाला असता. गेले आठ महिने सासूच्या ओल्या चादरी मेन्ना धुत होती. नवरा रोज उशिरा घरी यायचा, आल्यावर जेवता जेवता पेंगायचा. एलुनेदची "नाताळपर्यंत रजा" म्हणजे काय असतं हेही तिला माहीत होतं. नाताळनंतर जानेवारी येतो, आणि जानेवारी मेन्नाच्याच वाट्याला येतो.

"मी नेऊन देते त्यांना," ती म्हणाली. कप उचलून ती मागच्या दारापाशी गेली, पाठ करून उभी राहिली आणि ते गोडमिट्ट पाणी स्वतःच पिऊन टाकलं. तिला चहात साखर अजिबात चालत नाही.

"प्यायला?" डिलिसनं विचारलं.

"प्यायले."

"काही म्हणाला?"

"चांगला झालाय म्हणाले."

डिलिस मान हलवून पुन्हा पातेल्याकडे वळली. आपण असं का केलं, मेन्नाला कळेना. सासूनं तिला तीस वर्षांत कधी जवळ घेतलं नव्हतं. पण लग्नानंतरच्या पहिल्या ऑक्टोबरात, याच टेबलाशी, तिच्या हातात सुरी देऊन म्हणाली होती, "आता तू या घरातली." तेवढंच.

*

बाराच्या सुमारास जुनं लाकडी स्टूल निघालं. बिनपाठीचं, चार पायांचं, एमरिसच्या आजोबांनी केलेलं. ते उलटं करून टेबलावर ठेवायचं, म्हणजे चारी पाय वर. डिलिसच्या लग्नातल्या उशीचा जुना अभ्रा उकळत्या पाण्यातून काढायचा आणि त्याची चार टोकं चार पायांना बांधायची. खाली चिनीमातीचं भांडं. मग शिजलेलं सगळं त्यात ओतायचं आणि सोडून द्यायचं. दिवसभर, रात्रभर. थेंब थेंब रस आपला आपण खाली उतरतो, आणि रविवारी सकाळी चॅपेलला जायच्या आधी पिशवी सोडतात. तोवर एकच नियम. पिशवी पिळायची नाही. हात लावायचा नाही, चमच्यानं ढोसायचं नाही, काही नाही. पिळली की गाळ उतरतो आणि जेली गढूळ होते, कायमची. गढूळ जेली चवीला काही वाईट नसते. पण आमच्याकडे बाईची जेली गढूळ झाली तर लोक तिच्याविषयी हळू आवाजात बोलतात.

एलुनेदनं सहा वर्षांची असताना ती एकदा पिळली होती. नुसती कुतूहलानं, दोन बोटांनी. डिलिसनं लाकडी चमच्यानं तिच्या बोटांच्या पेरांवर मारलं आणि दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. मोजून दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी उठवायला आली ती जणू काही झालंच नाही अशी. एलुनेद आता पन्नाशीची आहे. पेरं दुखलेली तिला आठवत नाहीत, ते दोन दिवस आठवतात.

डिलिसनं चार गाठी न बघता मारल्या. तोंडानं ती आत्याशी बोलत होती, बोटं आपलं काम करत होती. पहिला थेंब भांड्यात पडला तेव्हा तिनं पदार्थ चाखणाऱ्या बाईसारखा एक डोळा बारीक केला, रंग बघितला, आणि म्हणाली, "हं."

"झालं की," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात थोडी निराशाही होती, खोटं कशाला सांगू. "हिला कसला वृद्धाश्रम रे इदवाल? मला पाठव तिथं. मी तर कालची आंघोळ विसरले."

जेवायला सगळे बाहेर ओसरीतल्या उन्हात बसले. थंड मांस, पाव, लोणी, लोणच्यातले कांदे. इदवाल मेन्नाला घेऊन लाकडांच्या ढिगाकडे गेला.

"त्यांना फोन करून सांगू का?" तो म्हणाला. "खोली नको म्हणून?"

मेन्नानं एक ओंडका उचलून ढिगावर नीट रचला.

"तू गप्प का?"

"तुमची आई आहे. तुमचं तुम्ही बघा."

"आज ती... मेन्ना, आज ती आईसारखी आहे गं. लहानपणी असायची तशी. आणि मी तिचं नाव घातलं तिथं. माझ्या हातानं फॉर्म भरला." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "एलुनेद बरोबर आहे. मीच कंटाळलो होतो. कंटाळा आला की माणसाला सगळीकडे आजारच दिसतो."

मेन्नाला वाटलं सांगावं. तो सहावा कप अजून तिच्या जिभेवर गोड होता. पण नवऱ्याचा चेहरा आठ महिन्यांत पहिल्यांदाच असा मोकळा झाला होता, आणि ती मूग गिळून बसली. तो आत गेला. दिवाणखान्यात फोन होता. वृद्धाश्रमाचा नंबर त्याला पाठ झाला होता.

त्यानं रिसीव्हर उचलला, पहिले तीन आकडे फिरवले, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून एलुनेद ओरडली.

*

ती मीठदाणी आणायला आत आली होती. आई मघाशीच उठून गेली होती, "भांडं भरलं का बघते" म्हणून, आणि त्यात काही वावगं नव्हतं.

डिलिस टेबलाशी उभी होती. दोन्ही हात पिशवीला घट्ट वेढलेले. पिळत होती. दोन बोटांनी नाही, गाईची धार काढतात तसं, वरून खाली, सगळा जीव लावून. लाल रस मनगटावरून कार्डिगनच्या बाह्यांत जात होता. ओठ घट्ट मिटलेले. पिशवी निम्मी झाली होती.

"आई! आई, काय करतेस!"

डिलिसनं हात काढले. एलुनेदनं भांड्यात बघितलं. तासाभरापूर्वी त्यात काचेसारखा गुलाबी रस होता. आता ते ताकासारखं गढूळ झालं होतं.

पावलं वाजली. एलुनेदनं काही विचार केला नाही, विचार करायला वेळच नव्हता. आईला तिनं मोरीपाशी ढकललं, स्वतः टेबलाशी येऊन उभी राहिली, आणि इदवाल, मेन्ना, मागून धापा टाकत आत्या, सगळे दारात आले तेव्हा ती म्हणाली:

"मी पिळली."

भांड्यात एक थेंब पडला.

"घाई झाली मला," एलुनेद म्हणाली. "मला वाटलं, जरा हात लावला तर लवकर उतरेल. आई मला ओरडत होती."

इदवालनं बहिणीचे हात बघितले. कोरडे. मग मोरीपाशी उभ्या आईच्या बाह्या बघितल्या. कोपरापर्यंत भिजलेल्या. तो जिंकला होता. आठ महिने तो जे सांगत होता ते टेबलावर मांडलेलं होतं, आणि त्याला एकही शब्द बोलायची गरज नव्हती. त्यानं खोल श्वास घेतला.

"तुला दरवेळी घाईच असते," तो एलुनेदला म्हणाला. "लहानपणापासून."

"पन्नाशीची घोडी झालीस," आत्या लगेच म्हणाली. तिलाही डोळे होते. "लाज नाही वाटत? इतकी छान उतरत होती!"

"जाऊ दे आता," मेन्ना म्हणाली. "एखाद्या वर्षी होतं असं."

चौघं चार बाजूंना उभे राहून एकच खोटं धरून होते. या घरात इतकी एकी एमरिसच्या अंत्यविधीलासुद्धा झाली नव्हती.

"झालं तुमचं?" डिलिस म्हणाली.

ती मोरीपासून वळली. हात पुसले नाहीत. ते तसेच थेंब गाळत पुढं धरून ती टेबलाशी आली.

"मी म्हातारी झालेय, आंधळी नाही. एलुनेद, तुझ्या हाताला डाग तरी लावून घ्यायचास खोटं बोलताना. मी पिळली."

"आई, विसरायला होतं एखाद्या वेळी. नियम काय..."

"नियम नाही विसरले." तिचा आवाज चढला. "नियम विसरीन मी? नियम माहीत असून पिळली. मी आत आले भांडं बघायला, आणि मला कळेना हे काय आहे. काहीतरी टांगलंय नि लाल लाल गळतंय खाली. मला वाटलं, कुणी ससा मारून टांगलाय माझ्या स्वयंपाकघरात. किती वेळ उभी होते कोण जाणे. मग आठवलं. जेली. माझीच. आणि अशी भीती वाटली मला... उद्या सकाळपर्यंत थांबायचं म्हणजे काय थांबायचं? सकाळी कोण उठणार आहे? जी उठेल तिला हे माहीत असेल का? म्हटलं आता डोक्यात आहे तोवर उरकून टाकावं. आहे तोवर." तिनं हात टेबलावर टेकले. गाळाचे दोन पंजे लाकडावर उमटले. "तुम्ही म्हणता विसरते, विसरते. विसरलं की बरंच असतं रे. मध्येच आठवतं, ते वाईट."

आत्या खुर्चीत बसली. तिनं रुमाल काढला आणि तोंडावर धरला.

"आई, मी राहते," एलुनेद म्हणाली. "मी नाही जात लिव्हरपूलला. खरंच. मी राहते तुझ्याजवळ, नाताळपर्यंत नाही, कायमची."

"तू अट घातली होतीस ना? झाडाखाली?"

एलुनेदनं झटकन इदवालकडे बघितलं.

"मला ऐकू येतं अजून. अट घातली की पाळायची. मी तुम्हाला हेच शिकवलं ना?" मग तिनं इदवालकडे बघितलं, बराच वेळ, जणू त्याचं नाव जागेवर आहे का ते तपासत. "इदवाल. त्या खोलीला खिडकी आहे का?"

"आहे, आई."

"काय दिसतं?"

"नदी," इदवाल म्हणाला आणि त्याला हुंदका आला. धिप्पाड माणूस, दाराच्या चौकटीला कपाळ लावून लहान पोरासारखा रडायला लागला. मेन्ना त्याच्याजवळ गेली नाही. ती सासूजवळ गेली, आणि तिच्या भिजलेल्या कार्डिगनच्या गुंड्या एकेक करून सोडायला लागली.

*

रस टाकून देणं आमच्याकडे पाप. तेव्हा त्या गढूळ रसाचीच जेली केली, त्याच दुपारी. मापाला माप साखर. डिलिस सांगत होती, कधी बरोबर, कधी तेच पुन्हा, आणि ब्लॉडवेन आत्या ढवळत होती.

"तेवीस वर्षं वाट बघितली मी, तुझी जेली बिघडायची," आत्या म्हणाली. तिच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब पातेल्यात पडला, पण कुणी काही म्हटलं नाही. "आणि आता बिघडली, तर मेलं काही बरंच वाटत नाही गं."

"ढवळ नीट," डिलिस म्हणाली. "खाली लागेल."

गार बशीवर थेंब टाकून बोटानं सरकवून बघितला. सुरकुती पडली. जेली धरली होती. नऊ बरण्या भरल्या, मेणकागदाच्या चकत्या लावल्या. मेन्नानं चिठ्ठ्या लिहिल्या: हेन्द्रे, ऑक्टोबर १९९१. दरवर्षीसारख्या त्या खिडकीत मांडायला एलुनेद गेली, आणि तशाच उचलून तिनं फडताळात ठेवल्या, दाराआड.

सोमवारी बॅगेत दोन झगे, एमरिसचा फोटो, तिच्या वडिलांचं बायबल आणि एक बरणी. मेन्ना आधीच जाऊन पलंगावर घरची चादर घालून आली होती. खोली काही वाईट नव्हती. नदी दिसत होती, हे इदवाल खरं बोलला होता. तो ऑफिसात सह्या करायला खाली थांबला, आणि एलुनेदनं आईला खुर्चीत बसवलं. लिव्हरपूलची गाडी साडेचारची होती. तिथल्या मुलीनं चहा आणि पावाचे तुकडे आणून ठेवले. एलुनेदनं बरणी उघडली, चमचा घातला.

"थांब," डिलिस म्हणाली. "बघू इकडे."

तिनं बरणी घेतली आणि खिडकीकडे धरली, परीक्षक धरतात तशी. एक डोळा बारीक केला. पलीकडे नदी होती, पण बरणीतून काही दिसत नव्हतं. तिचा चेहरा हळूहळू कठोर झाला.

"कुणी केलीय ही?"

एलुनेदनं पावाची बशी उगीच सरळ केली.

"कुणीतरी पिशवी पिळलीय. मूर्खासारखी. बघ, बघ कशी झालीय. माझ्या घरात असं कुणी केलं असतं तर..." ती एकदम थांबली आणि तिनं एलुनेदकडे वळून बघितलं. शनिवारपासून पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत ओळख होती. पूर्ण, लख्ख ओळख. "तू पिळलीस. तूच. हो ना?"

"हो, आई," एलुनेद म्हणाली. "मीच पिळली."

"सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितलं होतंस."

"हात पुढं कर."

एलुनेदनं हात पुढं केला. डिलिसनं चहाचा चमचा उचलला आणि तिच्या पेरांवर मारला. लागलं काहीच नाही.

"आता दोन दिवस मी तुझ्याशी बोलणार नाही," डिलिस म्हणाली, आणि खुर्चीत वळून नदीकडे तोंड करून बसली.

"आई, आणि तिसऱ्या दिवशी?" एलुनेदनं विचारलं. "तिसऱ्या दिवशी बोलशील ना?"

डिलिसनं ओठ घट्ट मिटले होते. ती शब्दाची पक्की होती, आयुष्यभर होती. खाली इदवालनं गाडीचा हॉर्न दिला, एकदा, मग पुन्हा. एलुनेदनं कोट काढून दारामागच्या खुंटीला अडकवला आणि पलंगाच्या कडेवर आईच्या पाठीमागे बसून राहिली.